भिंतीवरची वजनं

साळुंके गुरुजींच्या हाताखाली मी सहा वर्षं नोकरी केली आणि त्यांतली बहुतेक त्यांच्यावर चिडण्यात घालवली. आजही त्यांची आठवण काढायला बसले की आधी कपाळाला आठी पडते, मग बाकीचं सुचतं. माणूस वाईट असता तर बदली मागून मी मोकळी झाले असते. तसं नव्हतं, हीच पंचाईत होती.

बहात्तरच्या दुष्काळात माझी पहिली नेमणूक लोहाऱ्याच्या पुढं एका खेड्यात झाली. लातूरहून एसटीनं लोहारा, तिथून बैलगाडी. शाळा म्हणजे चार खोल्या, पुढं लांब ओसरी, आणि ओसरीच्या मधोमध एक भलामोठा लोखंडी वजनकाटा. गावच्या सोसायटीचा तो खताबियाण्यांची पोती तोलायचा काटा होता. पाऊस नाही म्हटल्यावर बी नाही, खत नाही, गोदाम रिकामं. तेव्हा गुरुजींनी तो उचलून शाळेत आणवला होता.

मला हे काही ठाऊक नव्हतं. गाडीवानानं ट्रंक उतरवली. समोर सहा फूट उंचीचा, धोतर-टोपीतला, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. "ठिवा हितं," असं म्हणून त्यांनी एका फळीकडं बोट दाखवलं. ट्रंक ठेवताच त्यांनी दांडीवरचं वजन सरकवलं, डोळे मिटले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "नव्या बाईंची ट्रंकऽऽ, बावीस किलो साडेतीनशेऽऽ!"

रस्त्यापलीकडं टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांनी माना वळवल्या.

"पुस्तकं हायती का साड्या?" गुरुजींनी विचारलं.

"पुस्तकं," मी म्हणाले. साड्याच जास्त होत्या. ट्रंक माझी आहे, तेव्हा तिचं वजन सांगायला आज काही हरकत नाही. बाकी कुणाचं मी सांगणार नाही.

"आता तुमी उभ्या ऱ्हावा."

"कशावर?"

"काट्यावर. शिक्षकानं आधी उभं ऱ्हायाचं, मंग पोरं ऱ्हात्यात."

"मग तुम्ही राहा."

"मी तोलणारा हाय. तोलणाऱ्यानं काट्यावर पाय ठिवायचा नसतो," ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की थट्टा नाही हे मला कळलं. मी उभी राहिले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या सहा वर्षांत कधीच नाही. दर महिन्याला ते विचारायचे आणि दर महिन्याला मी नाही म्हणायचे.

त्यांचे वडील बार्शीच्या अडत बाजारात तोलार होते. आयुष्यभर पोती तोलली आणि वजनं पुकारली. शेतकरी लांब उभा असतो, त्याला दांडीवरचा आकडा वाचता येत नाही, तोलाराचा आवाज हाच त्याचा भरवसा. गुरुजी लहानपणी बापाच्या मागं मागं बाजारभर हिंडलेले. तिथलं सगळं त्यांनी जसंच्या तसं शाळेत आणलं होतं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही धान्य मोजणाऱ्यांची रीत. गुरुजी हजेरीसुद्धा तशीच घ्यायचे. पहिल्या पोराला "लाभ", मग "दोन", "तीन". चौथीच्या वर्गात पहिल्या नंबरावर जो मुलगा होता त्याला गावात सगळे लाभ्याच म्हणत. मास्तर झाले तरी गुरुजी कायम उभे असायचे. खुर्चीवर त्यांची पिशवी बसलेली असायची. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात चोवीस तास: "हळू बोललेलं वजन चोरीचं असतं, बाई."

पोत्यांच्या बाबतीत मी त्यांना हात जोडले असते.

दुष्काळ वाढला तशी शाळेत सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाचा खाऊ, आली, आणि तिच्यापाठोपाठ वरून एक कागद आला. मुलांना सुकडी लागू पडते की नाही ते कळावं म्हणून दर महिन्याला वजन घेऊन नोंदवहीत लिहावं, एवढंच त्यात होतं. मी तो कागद दोनदा वाचला. पुकारा असं त्यात कुठंही नव्हतं. भिंतीचं तर नावच नव्हतं.

गुरुजींना नोंदवही पसंत पडली नाही. "वही कपाटात. कपाट बंद. मंग कळणार कुणाला?" त्यांनी लोहाऱ्याहून ऑइलपेंटचा डबा आणला आणि शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर भलाथोरला तक्ता आखला. एकशे चाळीस पोरांची नावं पक्क्या रंगात. पुढं महिन्याचे रकाने, ते खडूनं भरायचे. टँकर थांबायचा तो नेमका त्याच भिंतीसमोर. घागरी मांडून बायका दोन-दोन तास बसायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला धरून वाचून घ्यायच्या. दुष्काळात गावाला दुसरी करमणूक नव्हती.

महिन्याचा शेवटचा शनिवार वजनाचा. ओळी लागायच्या, गुरुजी एकेकाला फळीवर चढवायचे, दांडी स्थिर झाली की डोळे मिटून पुकारायचे. वाढ असेल तर आवाज वर जायचा. घट असेल तर शेवटचा आकडा ते लांबवायचे आणि पोर खाली मान घालून उतरायचं. महिन्याभरात पोरं शहाणी झाली. कुणी खिशात दगड भरून यायचं, कुणी रांगेत उभं राहायच्या आधी लोटाभर पाणी पोटात ढकलायचं. घरात प्यायला पाणी नाही आणि हे वजनासाठी पितात! गुरुजींनी मग खिसे उलटे करायला लावले. एका पोराला घट आली म्हणून बापानं बडवला. सातवीतल्या एका मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी आधी भिंत वाचली आणि पोरगी हलकी आहे म्हणून चहा न घेताच परत गेले. तिची आई माझ्याकडं येऊन रडली.

मी तावातावानं गुरुजींकडं गेले. "गुरुजी, ही पोती नाहीत हो."

"न्हायती. म्हणूनच," ते म्हणाले. "पोत्यात किलोभर कमी भरलं तर एका शेतकऱ्याचं नुकसान. पोरात कमी भरलं तर? मोठ्यानंच सांगाया पायजे. गावाला लाज वाटाया पायजे, सायबाला वाटाया पायजे."

"लाज गावाला वाटत नाही, पोराला वाटते."

"पोराला कशाची लाज? त्यानं काय चोरी केलीय?"

"घरात काय शिजतं ते चव्हाट्यावर येतं, त्याची."

"तुमी लातूरच्या, बाई. तुमाला न्हाय कळायचं," असं म्हणून ते खडू घेऊन भिंतीकडं गेले. वाद असा संपवायची त्यांची हातोटी होती. मी ओसरीत उभी राहून दात-ओठ खात होते.

आणि हाच माणूस, हीच भिंत, एकदा माझ्या डोळ्यांदेखत फार मोठ्या उपयोगाला आलेली होती. सुकडी वाटायला गुरुजींनी पारूबाईला नेमलं. ती बौद्धवाड्यातली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, पदरात एक मुलगी आणि एक लहान मुलगा. कुजबुज सुरू झाली. चार-पाच बापे शाळेत आले, इकडचं तिकडचं बोलू लागले. गुरुजींनी त्यांना ओसरीवर बसू दिलं नाही. पेंटचा डबा आणि कुंचला घेऊन ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "ज्येला ज्येला पारूबाईच्या हातचं चालत न्हाय त्येनं नाव सांगावं. हितं पक्क्या रंगात लिवतो." एकानंही नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळी पोरं तिच्या हातची सुकडी खाऊ लागली. त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं त्यात गुरुजींचं कौतुक केलं. पुढच्या पत्रात ते मागं घेतलं.

पारूबाईची मुलगी सहावीत होती. तिला इथं मी शोभा म्हणते. खरं नाव वेगळं आहे. अबोल पोर, हिशेबात हुशार, वर्गात कायम खिडकीशी बसायची. आईनं सुकडी वाटायला घेतली की ही रांगेत सगळ्यांत शेवटी.

होळीनंतरच्या शनिवारी वजनं घेतली. तो महिना फार वाईट होता. रोजगार हमीच्या खडीवर माणसं राबत होती, घरोघरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्याही पुरेशा नाहीत. एकामागून एक पोर फळीवर चढत होतं आणि प्रत्येकाची घट. गुरुजींचा आवाज उतरत चालला होता. शेवटी शोभा चढली. त्यांनी दांडी बघितली, पुन्हा वजन सरकवलं, तिला उतरवून पुन्हा चढवलं. मग डोळे मिटले आणि असे काही गर्जले की खिडकीतल्या चिमण्या उडाल्या.

"वाढऽऽ! दोन किलोच्या वरऽऽ! वाजवा टाळ्या!"

एकशे एकोणचाळीस उपाशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. शोभा खाली बघत होती. मला वाटलं, लाजली. चेहरा जरा भरलेला वाटला, बरं वाटलं. तिच्या पायांकडं मी पाहिलं नाही. मी गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते आणि आता काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होते. याबद्दल राग मात्र मला त्यांचा नाही, माझा येतो.

गुरुजींनी तिचा आकडा लाल खडूनं लिहिला. चार वाजता टँकर आला.

सोमवारी सकाळी सोसायटीचे चेअरमन, गाव त्यांना आबा म्हणायचं, दहा-बारा जणांना घेऊन शाळेत हजर. या वेळी आवाजात कुजबुज नव्हती.

"गुरुजी, आमी काय बोलत न्हाय. तुमच्याच काट्यानं दावलंय. समद्यांची लेकरं वाळली आन् वाटणारणीची तेवढी फुगली. आमच्या लेकरांच्या तोंडातलं कुठं जातंय ते आता आंधळ्यालाबी दिसंल."

मी गुरुजींकडं बघितलं. मला वाटलं, पेंटचा डबा निघणार. डबा निघाला नाही. भिंतीवरचा लाल आकडा त्यांचा होता. तो त्यांनी दोनदा तपासला होता. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, या एका गोष्टीवर त्यांचा आख्खा जन्म उभा होता. त्यांनी पारूबाईला बोलावलं आणि खाली बघून म्हणाले, "चौकशी हुईपत्तूर तुमी वाटू नगा."

हातातली वाटी तिनं काट्याच्या फळीवर ठेवली आणि निघून गेली. त्या दिवसापासून शोभा शाळेत आली नाही.

"गुरुजी, तिला विचारायचं तरी होतं," मी म्हणाले.

"इच्यारून काय? काटा खोटं बोलत न्हाय, बाई."

त्यांच्याशी मी तीन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

गुरुवारी लोहाऱ्याहून नर्सबाई आली, ती महिन्यातून एकदा यायची. शोभा आजारी असेल असं मला वाटलं होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पारूबाईच्या घरी जायला मला एक निमित्त हवं होतं, म्हणून तिला घेऊन गेले. न बोलावता गुरुजी मागून आले. हातात वही. चौकशी म्हणजे ती त्यांनीच करायची, असं त्यांचं मत.

शोभा भिंतीला टेकून बसली होती. सकाळची वेळ, पण डोळे सुजून बारीक झालेले. नर्सबाईनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला, तो भरेना. आम्ही तिघं त्या खड्ड्याकडं बघत राहिलो.

"ह्ये वजन न्हाय, गुरुजी," नर्सबाई म्हणाली. "पाणी हाय. उपासाची सूज. आजच्या आज उस्मानाबादला न्ह्या."

"पण सुकडी मिळत हुती की," गुरुजी म्हणाले. "रोज. शाळेत."

तेव्हा पारूबाई बोलली. आवाज चढला नाही, रडलीही नाही. "वाटी माझ्या हातात हुती नव्हं, गुरुजी. समद्यांचे डोळे माझ्या हातावर. म्हणून हिची अर्धीच भरायची म्या. कुनी म्हनू नये, आपल्या पोरीला जादा देती. त्यातली बी ती धाकट्याला ठिवून आनायची."

गुरुजी उंबऱ्यावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वही मिटून त्यांनी धोतराच्या ओच्यात खोचली. मग उठले, कुणाची तरी गाडी जुंपून आणली आणि मायलेकींबरोबर स्वतः उस्मानाबादला गेले. जाताना शाळेची किल्ली तेवढी माझ्या हातात दिली. किती दिवस, कुणी काय शिकवायचं, सुकडी कुणी वाटायची, काही सांगितलं नाही. शिक्षक आम्ही दोघंच; नऊ दिवस मी सातही वर्ग एकटीनं सांभाळले. त्यांच्याबद्दल कणव वाटायची आणि दुपारपर्यंत ती संपायची.

परत आले तेव्हा दाढी वाढलेली. पोर बरी आहे, सूज उतरली, म्हणाले.

"सूज उतरल्यावर वजन किती भरलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला ठावं हाय, तिच्या आईला ठावं हाय," एवढं म्हणून ते वर्गात गेले. साळुंके गुरुजींनी आकडा सांगितला नाही, असं माझ्या माहितीत पहिल्यांदा घडलं.

रविवारी ते भिंत पुसायला लागले. खडू गेला, पण नावं पक्क्या रंगातली. रॉकेल लावलं, खुरप्यानं खरवडलं, शेवटी विटेचा तुकडा घेऊन घासायला सुरुवात केली. गिलावा पडू लागला. मी म्हणाले, वरून चुना मारू. "न्हाय. खाली ऱ्हातंय त्ये." मी म्हणाले, मी मदत करते. तेही नाही. उन्हात घामाघूम होऊन एकशे चाळीस नावं ते एकटेच खरवडत होते आणि टँकरसाठी जमलेलं गाव बघत होतं.

आबा घोळक्यातून म्हणाले, "काय चालवलंय, गुरुजी? सरकारी भिंत हाय ती."

गुरुजी वळले. हातात वीट, अंगभर धूळ. त्यांनी डोळे मिटले. मला त्या डोळे मिटण्याची धडकी भरायची.

"ऐका समदे!" ते गर्जले. "पारूबाईनं सोताच्या लेकीला अर्धी वाटी वाढली! तुमच्या नजरंच्या भ्यानं! पोर उपाशी हुती, अंगात पानी भरलं हुतं आन् म्या टाळ्या वाजवाया लावल्या! त्या दोन किलोत अन्न न्हवतं..."

"गुरुजी, बास करा."

पारूबाई घागरींच्या रांगेत उभी होती. सगळे वळून तिच्याकडं बघत होते.

"आमच्या घरचं पुन्यांदा कशापायी पुकारताव?" ती म्हणाली. "एकदा पुकारलं तवा चोर झालो. आता पुकारताव, भिकारी झालो. आमचं आमाला ठिवा की."

गुरुजींचं तोंड तसंच उघडं राहिलं. टँकर आला आणि बायका घागरी घेऊन पळाल्या तेव्हा कुठं त्यांनी तोंड मिटलं. मला संतापही आला होता आणि हसूही येत होतं. चुकीची कबुलीसुद्धा या माणसाला चारचौघांत ओरडूनच देता यायची, आणि तीही दुसऱ्याच्या घरची चूल उघडी करून. ते परत भिंतीकडं वळले. बाकीची नावं त्यांनी एक शब्द न बोलता खरवडली.

संध्याकाळी ते पारूबाईच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती एक अट घेऊन आली. सगळ्यांची सुकडी ती वाटेल, शोभाची वाटी मात्र बाईंनी भरायची. दुष्काळ हटेपर्यंत ती वाटी मी भरली, काठोकाठ.

जूनमध्ये शाळा भरली. शोभा येऊ लागली, खिडकीशी बसू लागली. पण वजनाचा शनिवार आला की ती घरी. गुरुजी आता पुकारत नव्हते, नुसतं बघून वहीत लिहीत होते, तरीही ती यायची नाही. असे दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी वजन शुक्रवारीच काढलं, कुणाला न सांगता. मी म्हणाले, हा फसवणुकीचा धंदा आहे. त्यांनी लक्ष दिलं नाही. सगळी शाळा ओसरीत उभी केली, पायातल्या वहाणा काढल्या आणि स्वतः काट्यावर चढले.

"शोभा, हिकडं ये. माझं वजन कर. आन् मोठ्यानं पुकार. समद्या शाळंला ऐकू जाऊ दे."

तोलणाऱ्यानं काट्यावर पाय ठेवायचा नसतो म्हणून मला सुनावणारा हा माणूस. हात शिपायासारखे मांड्यांना चिकटवून उभा होता. शोभानं दांडीवरचं वजन सरकवलं. तिला घाई नव्हती. दांडी स्थिर झाली, तिनं आकडा बघितला, ओठ हलवून मनात मोजला. सगळी पोरं श्वास रोखून होती, कारण गुरुजींचं वजन किती यावर त्यांच्यात वर्षभर पैजा लागलेल्या होत्या. ती काट्याला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली आणि तिनं हातानं खूण केली, वाका. गुरुजी वाकले. तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

गुरुजी बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग खाली उतरून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बसा समदे खाली. वह्या काढा."

इथं कुणालाही वाटेल, आता सगळं सुरळीत झालं. वाटणाऱ्यानं साळुंके गुरुजींबरोबर काम करून बघावं. पुढच्या महिन्यापासून ओसरीत काट्याभोवती सतरंज्यांचे पडदे लागले. एका वेळी एकच पोर आत. मुलींची वजनं मी घ्यायची, तेव्हा गुरुजी ओसरीखाली भिंतीकडं तोंड करून उभे. आकडा पोराच्या कानात सांगायचा, वहीत लिहायचा, वही लगेच मिटायची. एका सकाळचं काम तीन दिवस पुरायचं. वही त्यांच्या पेटीत, पेटीची किल्ली करदोट्याला. आया विचारायला आल्या तर उत्तर ठरलेलं, "लेकराला इच्यारा. त्येला सांगू वाटलं तर सांगंल." नर्सबाईला तेवढी वही मिळायची, तीही दार लावून.

एकदा तपासणीला साहेब आले. नोंदवही मागितली. गुरुजी म्हणाले, "समद्या वर्गाची बेरीज देतो. सरासरी देतो. नावं मिळायची न्हायती."

"अहो, ही सरकारी नोंदवही आहे!"

"वही सरकारी हाय, साहेब. वजन पोराचं हाय."

साहेबांनी त्यांना ठेवणीतलं सुनावलं आणि महिन्याभरात जाब मागणारं पत्र आलं. त्या पत्राचं उत्तर मी लिहिलं, कारण गुरुजींनी लिहिलेलं धाडलं असतं तर दोघांनाही घरी बसावं लागलं असतं. नावांऐवजी नंबर घालून तक्ते नव्यानं तयार केले, तेही मीच, तीन प्रती. पहिला नंबर लिहायची वेळ आली तेव्हा ते शेजारी उभे राहून म्हणाले, "एक न्हवं, बाई. लाभ लिवा." मी कागदावर ‘एक’च लिहिला.

पुढं ते निवृत्त होऊन येडशीला मुलाकडं राहायला गेले. माझी बदली उस्मानाबादला झाली. शोभा सातवी पास होऊन पुढं शिकायला गेली आणि तिचं चांगलं झालं. याहून जास्त काही मी तिच्याबद्दल लिहिणार नाही, तसं तिला मी कबूल केलं आहे.

गुरुजी शेवटचे भेटले ते उस्मानाबादच्या एसटी स्टँडवर. मधे सात-आठ वर्षं गेली असतील. त्या काळात स्टँडवर नाणं टाकून वजन करायचं, रंगीत दिवे लागणारं यंत्र आलं होतं. त्यापुढं एक उंच म्हातारा उभा होता. धोतर अंगावर नुसतं टांगलेलं. आवाजावरून ओळखलं. ते यंत्राशी काहीतरी बोलत होते.

"गुरुजी!"

"कोन? बाई? जरा मोठ्यानं बोला, कान गेले." सिव्हिल हॉस्पिटलातून आलो म्हणाले. काय झालंय ते विचारलं, तर हातानंच उडवून लावलं. "तुमचं वजन शेवटपत्तूर कळलं न्हाय मला. आज उभ्या ऱ्हावा."

स्टँडवर शंभर माणसं. मी नाही म्हणणार होते. सहा वर्षं म्हणत आलेच होते. का कोण जाणे, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि चढले. दिवे लुकलुकले, खटकन तिकीट पडलं. मी आकडा बघितला आणि त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितला.

"आँ? काय? मोठ्यानं सांगा!" ते एवढ्यानं ओरडले की शेजारचा कंडक्टर वळला.

मी कपाळावर हात मारला आणि तिकीटच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, वाचलं, मागच्या बाजूचं भविष्य बघितलंही नाही, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं. "माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. कुनाला सांगत न्हाय."

मग ते चढले. वहाणा काढून, हात मांड्यांना चिकटवून. तिकीट पडलं, ते बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं नाही. उतरून त्यांनी इकडं तिकडं बघितलं, माझ्या खांद्याचा आधार घेतला, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि माझ्या कानात आकडा सांगितला. तो ऐकून मला काय समजायचं ते समजलं. येडशीची गाडी लागली होती. पिशवी माझ्या हातात देऊन ते गर्दीतून सावकाश चढले, खिडकीशी बसले आणि गाडी हलली तेव्हा ओठांवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, गुरुजी गेल्याचं. पुढं एकदा तो भेटायला आला तेव्हा त्यानं विचारलं, तुम्हाला भेटले त्या दिवशी अण्णांनी वजन केलं होतं म्हणे, डॉक्टरांनी तर आम्हाला काही नीट सांगितलंच नाही, किती भरलं होतं?

मी त्याला चहा दिला आणि दुसरं काहीतरी बोलत राहिले.

तो आकडा मला पाठ आहे. इथंही मी तो लिहिणार नाही.